गायमुखचा नाका

कोलबाडच्या तिसऱ्या मजल्यावर
दाराशी खुर्ची टाकून बाबा बसतात सकाळपासून.
जकात बंद होऊन किती वर्षं झाली
ते त्यांच्या हिशेबात नाही.
दूधवाला, इस्त्रीवाला, वरच्या पाटणकरांचा कुत्रा,
सगळ्यांना हात आडवा:
"माल काय?"
इस्त्रीवाला आता सरावलाय.
"सहा शर्ट, दोन साड्या, साहेब."
"जाऊ दे."

पूर्वी जाऊ देत नसत.
गायमुखच्या नाक्यावर एकवीस वर्षं
कुणाच्या चहालाही हात लावला नाही, हे खरं.
घरातलंही काही सुटलं नाही त्यांच्या तपासणीतून,
हेही खरंच.
आईच्या पिशवीतली भाजी ते पुन्हा तोलायचे,
नुसत्या नजरेनं.
गावदेवी मार्केटातून यायला वीस मिनिटं जास्त लागली
तर ती वीस मिनिटं तिला
उंबऱ्यावर ओतून दाखवावी लागत.

गेल्या गणपतीनंतर आईचं नाव गेलं.
माझं आधीच गेलं होतं, दादाचं त्याच्याही आधी.
मनाला लावून घेतलं नाही, असं आम्ही
एकमेकांना फोनवर सांगितलं.
पण त्या दिवशी आई चहा घेऊन गेली
आणि बाबा उठून उभे राहिले.
सत्तेचाळीस वर्षांत कधी उभे राहिले नव्हते.
"बसा ना," स्वतःची खुर्ची पुढे करत म्हणाले,
"उन्हातून आलात. आपण कोण?"

आईनं पदराला हात पुसले.
मला वाटलं, वृषाली म्हणेल,
जे त्यांनीच अंगठीनं तांदळात लिहिलं होतं.
ती म्हणाली,
"शेवंती. शेवंती राऊळ. कुडाळची."

त्या घरात हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं.
कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली,
कुणीच उठलं नाही.

तेव्हापासून ती रोज चार वाजता पाहुणी येते.
स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत, अकरा पावलं.
त्याआधी केस विंचरते,
आणि "कुठे मिरवायचंय?" ऐकून
कपाटातच राहिलेली मोतिया साडी नेसते.
बाबा विचारतात, ती सांगते.
भंगसाळीत पोहायची. सातवीत पहिली आली होती.
फणसावर चढली होती, उतरता येईना.
बाबा हसतात.
दात किती कमी झालेत ते तेव्हा कळतं.

एका रविवारी ऐरोलीहून आले
तर दार उघडंच, खुर्ची रिकामी.
आतून आईचा आवाज:
"नवरा होता हो. वाईट नव्हता. हात उगारला नाही कधी.
पण घरात शिरताना दर वेळी वाटायचं,
मी काहीतरी चोरून आणलंय."

बाबा बराच वेळ गप्प.
"सोडलं का नाहीत त्याला?"
"दोनदा पिशवी भरली. एकदा तीन हात नाक्यापर्यंत गेले."
"मग?"
"मग पोरीची शाळा सुटायची वेळ झाली."

पोरगी दारात उभी,
एक चप्पल पायात, एक हातात.

रात्री भांडी घासताना मी तिला विचारलंच:
हा माणूस आधीपासून आत होता
की दुखण्यानं आणला?
तिनं कढई पालथी घातली.
"कुणास ठाऊक. आत होता तर
इतकी वर्षं त्याला अडवला कुणी?"
मग नळ बंद करून, जरा वेळानं,
"मी तरी इतकी बोलते, हे मला कुठे माहीत होतं?"

रोज असं होत नाही.
कधी तिन्हीसांजेला ते अचानक पूर्ण परत येतात,
आवाज, भुवई, सगळ्यासकट.
काल आई भाजी घेऊन जिना चढली
तर दारात हात आडवा.
"वृषाली! कुठे होतीस इतका वेळ?"

आईनं पिशवी खाली ठेवली नाही.
"शेवंतीकडे," म्हणाली,
तो हात दोन बोटांनी बाजूला केला
आणि काही न दाखवता
आत गेली.